वाडीच्या मशीन शॉपवाल्या काकांचे मनापासून आभार

काका, नमस्कार.

माझ्या मारुती जिप्सीचं इंजिन सुरू झालं, आवाज एकदम साफ आहे, ऑइल प्रेशरही बरोबर. फोन केला तेव्हा तुमच्याकडे होनिंग (सिलिंडर आतून बारीक घासणं) चालू होतं, नीट बोलणं झालंच नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

पहिले आभार त्या बिलाचे. काम सुरू व्हायच्या आधी एकेक काम वेगळं लिहून पुढे पैसे मांडून दिले, असं कोणी देत नाही हो. लोकं येतात, एका सिलिंडरच्या बोअरिंगचे (झिजलेलं भोक कापून मोठं करायचे) किती म्हणून विचारतात अन तिथंच घासाघीस सुरू करतात. मशीन तर थोडाच वेळ फिरते, बाकी वेळ जातो ब्लॉक सेट करण्यात, मोजण्यात, परत मोजण्यात, हे तुम्ही मला समोर उभं करून दाखवलं.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकाला, हात लावणार नाही म्हणालात ते किती बरोबर होतं! फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्याला कंपनीच्या पिस्टनपेक्षा क्लिअरन्स, म्हणजे बोअरमधली फट, जास्त लागतो, अन चार पिस्टन चार मापांचे निघाले तर बोअरही त्या त्या पिस्टननुसारच करावा लागतो. त्यात आपला नागपूरचा मे महिना. ७४ मिमीचा अल्युमिनियमचा पिस्टन २० डिग्रीने तापला तर ०.०३ मिमीच्या वर वाढतो, लोखंडी लायनर (सिलिंडरची आतली नळी) त्याच्या निम्माच, म्हणजे दुपारी घेतलेलं माप सरळ चुकीचं. म्हणून तुम्ही ब्लॉक अन पिस्टन रात्रभर एकाच खोलीत ठेवून पहाटे मोजले. ह्या पहाटेचे पैसे बिलात कुठंच नव्हते काका. टॉर्क प्लेटसुद्धा (हेडच्या जागी ब्लॉकवर आवळायची जाड प्लेट) स्वतः बनवली, हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळल्यावर बोअर जसा ताणला जातो तसाच ताणून होनिंग केलं, अन पैसे घेतले फक्त लोखंडाचे.

अन पैसे वाचवले ते वेगळेच. मला ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे बोअर तेवढा मोठा, पाहिजे होता, तुम्ही कागदावर हिशोब करून दाखवला की त्यानं १२९८ सीसीचे जेमतेम १३१६ होतात, ताकद त्यातून येत नाही, बोअर झिजलाय म्हणून करायचा तेवढाच कर, उरलेला पैसा हेडमध्ये टाक. मग व्हॉल्व्ह जिथं बसतो त्या सीटचे तीन अँगल, व्हॉल्व्हचे नवीन गाईड, हवा जायच्या पोर्टची सफाई, तिथं तुम्ही एक रुपया कमी केला नाही अन मीही मागितला नाही. हेड जास्त घासू नको, बेल्टवाल्या इंजिनात कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग मागे सरकतं, हेही तुम्हीच सांगितलं.

बॅलन्सिंगचं (फिरणाऱ्या भागांचं वजन सारखं करण्याचं) पण तसंच. ६००० ऐवजी ७५०० आरपीएमला फिरवलं तर पिस्टनच्या रॉडवरचा ताण दीडपटीच्या वर जातो म्हणालात, अन ते मशीन आपल्याकडे नाही म्हणून सरळ पुण्याला पाठवायला लावलं, स्वतःचं कमिशन न ठेवता. काम दुसऱ्याला देऊन टाकायला मोठं मन लागते.

एकूण खर्च पिस्टनच्या किमतीच्या पुढे गेला, अन तो मला पूर्ण पटला. रनिंग (नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवणं) झालं की कॉम्प्रेशन चेक करायला गाडी घेऊन येतो. एक मित्र यामाहा आरएक्स बाइकचा बॅरल (सिलिंडर) घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणते, त्याला सांगून ठेवलंय, पिस्टन आधी घे अन दोन दिवस बॅरल काकांकडेच राहू दे.

तुमचा,
जिप्सीवाला