ड्रॉ छापा, तोही देवनागरीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विम्बल्डन तोंडावर आलं आहे, म्हणून हे पत्र. स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता, निघतो. तो शनिवारी किंवा रविवारी आपल्या अंकात पूर्ण छापा, एवढीच मागणी आहे. पुरुष आणि महिला एकेरीची 128-128 नावं, वरपासून खालपर्यंत, देवनागरीत. आणि पुढचे चौदा दिवस महत्त्वाच्या सामन्यांची भारतीय वेळ रोज द्या. त्यासाठी बरीच जागा मोडेल, मला कल्पना आहे. ती का मोडावी, ते सांगते.

माझे वडील बेळगावच्या कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे पहाटे कोर्टावर पाणी मारणारा, रूळ ओढणारा, दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारणारा, आणि संध्याकाळी एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर पलीकडे उभा राहून खेळणारा माणूस. शाळा सुटली की मी चेंडू गोळा करायला जायची. जाळी मधोमध तीन फूट असावी लागते. टेप हुडकायला अप्पा कधी गेले नाहीत. एक रॅकेट जाळीपाशी उभी धरायची आणि तिच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटचं तोंड आडवं ठेवायचं. रॅकेटची लांबी 27 इंच, तोंडाची रुंदी 9 इंच, झाले बरोबर 36. जाळीची पट्टी त्याच्या वर राहिली तर मधला पट्टा ओढायचा, खाली गेली तर सैल सोडायचा. अजून टीव्हीवर पंच जाळी मोजताना दिसले की माझी नजर आधी तिथं जाते.

एवढा खेळ अंगात मुरलेला माणूस, पण अक्षरओळख सहीपुरती. मराठी पेपर मी वाचून दाखवायची. 1981 साली विजय अमृतराज विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत जिमी कॉनर्सशी खेळले, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. निकाल एका ओळीत होता: कॉनर्स विजयी 2-6, 5-7, 6-4, 6-3, 6-2. मी पुढची बातमी वाचायला लागले तर अप्पांनी हात वर केला. "परत वाच. सावकाश." मी आकडे परत वाचले. ते म्हणाले, "विजयनं पहिला सेट सहज घेतला. दुसरा 7-5, म्हंजे तिथं घाम गळाला. तिसऱ्यात एकदाच सर्व्हिस गेली असंल. पुढं 6-3, 6-2. पाय संपले गे पोरी त्याचे." सामना त्यांनी पाहिलेला नव्हता. त्या पाच जोड्या आकड्यांतून त्यांनी तो उभा केला.

म्हणून म्हणते, निकाल छापताना "सरळ सेटमध्ये पराभव" एवढ्यावर भागवू नका, आकडे द्या. आणि वर्षातून एकदा, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, ते वाचायचे कसे याची चार ओळींची चौकट द्या. आकडे नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहितात. 7-6 पुढे कंसात 4 असेल तर टायब्रेकरमध्ये, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेममध्ये, हरणाऱ्याला चार गुण मिळाले. शेवटच्या सेटमध्ये 6-6 झालं तर 2022 पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये दहा गुणांचा टायब्रेकर होतो. 2010 मध्ये इस्नर आणि माहू तीन दिवस मिळून 11 तास 5 मिनिटं खेळले आणि शेवटचा सेट 70-68 झाला, तसं आता होणार नाही. चाळिशीच्या आतल्या किती वाचकांना हे माहीत आहे? सांगितलंच नाही कुणी, तर कळणार कुठून?

आता ड्रॉबद्दल. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वर्षी शाळेचा पट किती खाली आला होता ते लिहीत नाही. या भागातली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी किंवा कन्नड वाचतात, रस्त्यावरच्या पाट्या कन्नड वाचतात. मराठी अक्षर डोळ्यांपुढून जातं ते पेपरातून, आणि पेपरातही खेळाच्या पानावरून. माझा नातू सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी धडा समोर ठेवला तर जांभया देतो. पण गेल्या दोन वर्षांपासून आम्ही जुन्या कॅलेंडरची चार पानं पाठीमागून चिकटवून त्यावर ड्रॉ आखतो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावतो. नावं त्याने लिहायची, देवनागरीत. 'क्रेचिकोव्हा' लिहिताना त्याला क्र कळला, 'वोंद्रोउशोव्हा'त द्र. 'अल्काराझ'चा ल् अर्धा का, हे त्यानेच मला विचारलं. जोडाक्षरांचा माझा सहा महिन्यांचा पाठ त्या भिंतीवर पंधरा दिवसांत झाला.

पण त्यासाठी नाव पेपरात एका पद्धतीने छापलेलं हवं. 2025 च्या विम्बल्डनच्या एकाच आठवड्यात पोलंडच्या विजेत्या इगाचं आडनाव मी तीन तऱ्हांनी वाचलं: स्वियातेक, स्विआटेक, स्वायटेक. नातू विचारतो, "आज्जी, ह्या तिघी येगळ्या की काय?" पोलिश उच्चार श्व्योंतेकच्या जवळ जातो. आपण कुठलाही घ्या, पण एक घ्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत तोच ठेवा.

भिंतीवर ड्रॉ असला की स्पर्धा पहिल्या दिवसापासून घरात येते. 128 जणांच्या सात फेऱ्या, त्यात 32 मानांकित, म्हणजे क्रमांक दिलेले वरचे खेळाडू. पहिलं मानांकन सगळ्यात वर, दुसरं सगळ्यात खाली, म्हणजे ते दोघे अंतिम फेरीआधी भेटूच शकत नाहीत. हे कागदावर बोटाने दाखवलं की मुलाला लगेच समजतं. मग मी त्याला सांगते, मोठी नावं कोणीही बघेल, तू एक पाव भाग निवड, 32 नावांचा, आणि तो तुझा. त्यातला प्रत्येक निकाल तू लिहायचा. आणि पात्रता फेरीतून आलेल्यांच्या नावाखाली लाल रेघ मार. लाल रेघ का, तर 2021 च्या अमेरिकन ओपनमध्ये एमा रॅडुकानू पात्रता फेरीतून आली आणि दहा सामन्यांत एकही सेट न गमावता विजेती झाली. 2001 मध्ये गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास प्रवेशावर, आला आणि विम्बल्डन घेऊन गेला. 2023 मध्ये वोंद्रोउशोव्हा बिगरमानांकित असताना जिंकली. पेपरात फक्त पहिल्या चार मानांकितांची नावं आली, तर अशा माणसाकडे पहिल्या दिवशी लक्ष जाणार कसं?

वेळेचंही तसंच. विम्बल्डनच्या बाहेरच्या कोर्टांवर खेळ आपल्या दुपारी 3.30 ला सुरू होतो, कोर्ट क्रमांक एकवर 5.30 ला, सेंटर कोर्टवर 6 वाजता. एकेरीच्या अंतिम लढती 2025 पासून रात्री 8.30 ला असतात. आमच्याकडे तेव्हा रोप लावणीचे दिवस असतात. शेतातून चिखलाचे पाय घेऊन आलेल्या माणसाला सहाला टीव्ही लावायचा की जेवून बसायचं, हे सकाळच्या पेपरात दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, तेव्हा आपल्या अंकाला तो मिळू शकतो. पॅरिसची फ्रेंच ओपन आपल्याला सोयीची, दुपारी 2.30 पासून. ऑस्ट्रेलिया पहाटे 5.30 ला. अमेरिकन ओपन रात्री 8.30 ला सुरू होतं आणि तिथलं रात्रीचं सत्र आपल्या पहाटे 4.30 ला, तो निकाल सकाळच्या अंकात येणं शक्यच नाही. तिथं निदान "सामना सुरू" असं छापा. काहीच न छापलं तर वाचकाला वाटतं सामना झालाच नाही.

8 जून 2025 ची पॅरिसची अंतिम लढत आम्ही अशीच पाहिली. संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली. चौथ्या सेटमध्ये सिन्नर 5-3 ने पुढे, अल्काराझची सर्व्हिस, 0-40. जेतेपदाचे तीन गुण सिन्नरच्या हातात. नातवाने भिंतीवर सिन्नरचं नाव लिहायला पेन उघडलं होतं. मी म्हटलं थांब, अजून एक गुण झालेला नाही. अल्काराझने तिन्ही वाचवले, सेट घेतला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दहा गुणांच्या टायब्रेकरमध्ये 10-2 ने सामना घेतला. 5 तास 29 मिनिटं. पेनाचं टोपण तोपर्यंत त्याच्या मुठीतच होतं.

हिरवळ आणि माती यांतला फरक वर्णनात आला पाहिजे, हे मार्करची मुलगी म्हणून आग्रहाने सांगते. पॅरिसला विटांचा चुरा असतो, त्यात चेंडूचा ठसा उमटतो आणि शंका आली तर पंच खुर्चीवरून उतरून तो ठसा बघायला जातात. आमच्या तांबड्या मातीवर अप्पाही असेच वाकून बघायचे. विम्बल्डनचं गवत 8 मिलीमीटरला कापलेलं असतं, चेंडू बुटका उडतो आणि सुळकन निघतो. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रेघेजवळचं गवत झिजून माती दिसायला लागते. आणि एक गोष्ट नव्या प्रेक्षकांनी जरूर बघावी. पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात, तेव्हा सर्व्हिस करणारा नवा चेंडू वर धरून समोरच्याला दाखवतो. नव्या चेंडूची लव बसलेली असते, तो जोरात जातो. सावध राहा, एवढंच त्याचं सांगणं.

आता ज्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते. एकेरीत आपला खेळाडू असला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत हरला की सगळीकडे मथळा येतो, "भारताचे आव्हान संपुष्टात". महोदय, तोपर्यंत विम्बल्डनच्या दुहेरीचा चेंडूही उडालेला नसतो. ती बुधवारी-गुरुवारी सुरू होते, मिश्र दुहेरी त्यानंतर, कुमारांच्या लढती त्याहून नंतर. आणि आपला ग्रँड स्लॅमचा इतिहास मुख्यतः दुहेरीचाच आहे. 1997 मध्ये महेश भूपती मिश्र दुहेरीत, 1999 मध्ये पेस-भूपती विम्बल्डनमध्ये, 2015 मध्ये हिंगिसबरोबर सानिया. 2024 च्या जानेवारीत रोहन बोपण्णाने 43 व्या वर्षी एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन घेतली, 7-6 (0), 7-5. बोपण्णा कर्नाटकातल्या कोडगूचा. शेजारच्या कन्नड अक्का त्या दिवशी आमच्याकडे बसून "नम्म हुडुग, नम्म हुडुग" (आपला पोरगा) म्हणत होत्या आणि मी त्यांना कंसातल्या शून्याचा अर्थ सांगत होते. 2025 च्या अमेरिकन ओपनमध्ये युकी भांबरी पुरुष दुहेरीच्या उपांत्य फेरीत गेला. कुमार गटात लिअँडर पेस 1990 मध्ये विम्बल्डन जिंकला होता. दुहेरीच्या ड्रॉला जागा नसेल तर भारतीय जोड्या कोणत्या, कुणाशी, किती वाजता, एवढं तरी द्या. आणि तो मथळा दुहेरी संपेपर्यंत वापरू नका, ही हात जोडून विनंती.

हे सगळं आमच्यापासून फार लांबचं आहे असं समजू नये. कोल्हापूरची एक मुलगी 2022 मध्ये विम्बल्डनच्या 14 वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली. 2019 च्या जानेवारीत मी रात्रीच्या बसने पुण्याला गेले आणि बालेवाडीला अँडरसन-कार्लोविच अंतिम सामना पाहिला. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले. त्याच स्पर्धेत दुहेरी बोपण्णा आणि दिविज शरण यांनी जिंकली. कार्लोविचची उंची 211 सेंटिमीटर. तो सर्व्हिसला हात वर करायचा तेव्हा रॅकेट कुठून येते आहे ते आमच्या रांगेतून नीट दिसत होतं, आणि टीव्हीवर ते कधीच दिसलं नव्हतं. अप्पा असायला हवे होते, असं त्या दिवशी फार वाटलं.

2025 च्या विम्बल्डनमध्ये खेळलेल्या महिला आणि पुरुष खेळाडूंची नावं नातवाने आणि मी देवनागरीत उतरवून काढली आहेत. उच्चार सामन्यांच्या समालोचनात ऐकून पक्के केले, जिथं दोन ऐकू आले तिथं दोन्ही लिहिले आहेत. ती वही या पत्रासोबत पाठवते आहे. क्रीडा विभागाला उपयोग झाला तर ठेवून घ्या. नातवाचं अक्षर शेवटच्या चार पानांवर जरा तिरपं झालं आहे, पण नावं तपासलेली आहेत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
अनगोळ, बेळगाव