खालून दुर्बीण, वरून एआय: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

नागपूरजवळच्या वडधामन्याच्या अंगणवाडीत एआय आलं, शेतीसाठी तर धोरणच झालं. आता दवाखान्यांचा नंबर लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. तो लागेल तेव्हा मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीसाठी, म्हणजे कोलोनोस्कोपीसाठी, कोणतं एआय घ्यावं यावर चार शब्द बोलायचे आहेत. मी डॉक्टर नाही, झरी जामणी तालुक्यातला कापूसवाला आहे. पण माझ्या काकांना त्या तपासणीसाठी दोनदा नागपूरला नेलंय, आणि दुसऱ्या खेपेपर्यंत उशीर झाला होता.

काकांना संडासवाटे रक्त जायचं. आमच्याकडे त्याला एकच नाव, मूळव्याध. वर्षभर बाजारातलं चूर्ण झालं. मग एका सरकारी रुग्णालयानं तारीख दिली, पावडरची पाकिटं दिली आणि सोबत सूचनांचा इंग्रजी कागद. पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची, अर्धी आदल्या संध्याकाळी प्यायची, अर्धी पहाटे, म्हणजे आतडं धुऊन निघतं. आमची पहाट म्हणजे वणीहून नागपूरला जाणारी यष्टी. काका म्हणाले, "यष्टी धरू का टमरेल धरू, सांग ना बापा!" वरोऱ्याच्या स्टँडवर त्यांनी दुसरी बाटली उघडली, संडासाच्या दारासमोर उभ्यानं चार घोट घेतले आणि उरलेली गटारात ओतली. मी पाहिलं, काही बोललो नाही.

रिपोर्टवर आलं: आतडं साफ नाही, तपासणी पुन्हा करावी. माझा चहा संपायच्या आत काका खोलीबाहेर आले होते. त्यानंतर वेचणी आली, मग घरातलं लग्न. चौदा महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा गाठ निघाली, कर्करोगाची. आतड्याचा हातभर तुकडा काढावा लागला. पहिल्या वेळी त्या जागी काय होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. घाणीखाली काहीच दिसलं नव्हतं.

साहेब, आता एआयचं. जे एआय सगळ्यात जास्त विकलं जातं ते पडद्यावर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर उगवलेला कोंब, दिसला की त्याभोवती चौकट काढतं. एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, अशा पहिल्या यंत्राला एप्रिल २०२१ मध्ये मान्यता दिली. इटलीत २०२० च्या अभ्यासात असं एआय लावल्यावर ज्या रुग्णांत निदान एक अॅडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल असा पॉलिप सापडला, त्यांचं प्रमाण ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेलं. हा आकडा साधा नाही. अमेरिकेत तीन लाखांवर तपासण्यांच्या नोंदी तपासल्या, त्यात एकेका डॉक्टरचं हे प्रमाण ७.४ ते ५२.५ टक्के इतकं वेगवेगळं निघालं, आणि ते एका टक्क्यानं वाढलं की त्यांच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी. म्हणजे दुर्बीण तीच, पण कोण पाहतो आणि कसं पाहतो यात जीव अडकलेला.

पण चौकट निघते ती दिसणाऱ्या पॉलिपभोवती. वरोऱ्याच्या गटारात गेलेल्या लिटरभर पाण्याला ती काय करणार? शिवाय एआयनं जास्तीचे शोधलेले बहुतेक पॉलिप ५ मिलिमीटरच्या आतले असतात. आणि आमच्याकडे आतड्याचा टीबी आहे, त्याचे व्रण ओळखायला ही यंत्रं शिकवलेलीच नाहीत.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. वुहानमध्ये २०२० साली डॉक्टरांनी दुसऱ्या जातीचं एआय वापरून पाहिलं. ते पॉलिप शोधत नाही, तर डॉक्टरवर नजर ठेवतं. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत पोचली का, बाहेर काढताना घाई होतेय का, कुठला भाग नीट न पाहता निसटला. खरी पाहणी दुर्बीण परत काढतानाच होते, आणि त्याला किमान ६ ते ८ मिनिटं द्यावीत असा दंडक आहे. एवढ्यानंच तिथलं अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण सुमारे ८ वरून १६ टक्क्यांवर गेलं. आतडं किती साफ आहे याला गुण देणारं एआयही आहे. घ्यायचं तर हे आधी घ्या. आमच्या डॉक्टरांचे डोळे अधू नाहीत. बाहेर बाकावर रांग आणि हातात एकच दुर्बीण असली की कुणाचाही हात घाई करतो.

डॉक्टरांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. माझ्या कापसाच्या गाडीचं वजन करणारा काटा मलाही आवडत नाही. पण वजन होतं ते त्यानंच. मात्र या नोंदी शिक्षा करायला वापरल्यात तर महिनाभरात कुणीतरी यंत्राची वायर काढून ठेवेल, हेही लक्षात असू द्या.

दुसरं, चौकटवालं यंत्र घेतलंच तर काही दिवस ते बंद ठेवूनही तपासण्या होऊ द्या. पोलंडमधल्या २०२५ च्या अभ्यासात एआय आल्यानंतर, ते न लावता केलेल्या तपासण्यांत अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम, ज्याला ना टेंडर लागतं ना फीत. लांबून येणाऱ्या रुग्णाला आदल्या रात्री रुग्णालयातच खाट द्या, जवळ संडास आणि पिण्याचं पाणी द्या, आणि सूचना मराठीत सांगा. आमच्या तालुक्यात कोलामी आणि गोंडी बोलणारी माणसं आहेत, त्यांना कागद देऊन भागत नाही, जवळ बसून सांगावं लागतं.

ऑपरेशनला वर्ष होईल तेव्हा काकांची दुर्बीण पुन्हा आहे. आम्ही आदल्या दिवशीच नागपुरात खोली करणार आहोत, संडास आत असलेली. काकांनी खोलीचं बाकी काहीच विचारलं नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ