रणगाडा खरा, रणांगण खोटे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' चालू असताना व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून मोबाइलवरून फिरली आणि केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती संस्थेच्या फॅक्ट चेक विभागाला ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. तेव्हापासून या खेळांबद्दल दोन टोकांची मते कानावर येतात. कुणी म्हणते, हा निव्वळ पोरखेळ आहे. कुणी म्हणते, 'वॉर थंडर' किंवा 'वर्ल्ड ऑफ टँक्स'सारखे रणगाड्यांचे ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या पोराला रणगाड्यांचे युद्ध घरबसल्या कळते. हे खेळ नेमके कुठे खरे आहेत आणि कुठे डोळ्यांत धूळ फेकतात, याचा तपशील मात्र फारसा कुणी देत नाही. म्हणून हे पत्र.

आधी त्यांचे श्रेय त्यांना देऊ. रणगाड्याचा बाहेरचा आकार, चाकांची संख्या, चिलखताची जाडी, तोफ किती अंश खाली झुकते, हे सारे बहुतांशी अभ्यास करून केलेले असते. टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या पुढच्या पोलादाची जाडी ४५ मिलिमीटर, पण ते उभ्या रेषेपासून ६० अंश कललेले असल्याने समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पोलादातून वाट काढावी लागते. हे भूमितीचे साधे गणित मुले या खेळांतून आपसूक शिकतात. 'वॉर थंडर'च्या अचूकपणाचा दावा तर काही खेळाडू इतका मनावर घेतात की २०२१ मध्ये एकाने, खेळातला ब्रिटिश चॅलेंजर-२ चुकीचा दाखवला आहे हे पटवून देण्यासाठी, त्या रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतली पाने इंटरनेटवर टाकली. पुढे फ्रेंच लक्लेर्कच्या बाबतीतही तेच घडले.

घोळ सुरू होतो तो रणगाडा जमिनीवर उतरल्यावर. कारण पडद्यावर रंगवलेले चित्र आणि आत चाललेला हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'वर्ल्ड ऑफ टँक्स'मधले गवत घ्या. कमरेएवढे, वाऱ्यावर डुलणारे, अगदी देखणे. त्यात रणगाडा लपवला तर लपण्याच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. झुडूप मात्र मोजले जाते. तेही असे की १५ मीटरच्या आतले झुडूप आपण तोफ डागताच बहुतेक आडोसा गमावते. म्हणून जाणते खेळाडू झुडपापासून १५ मीटरहून जरा जास्त मागे सरकून मारा करतात. शत्रू दिसण्याची कमाल मर्यादा ४४५ मीटर. त्यापलीकडे तो सपाट माळावर, भर उन्हात उभा असला तरी, त्याच्याजवळच्या एखाद्या सोबत्याने टिपल्याशिवाय, पडद्यावर उमटतच नाही. उलट ५० मीटरच्या आत आला, की मध्ये जाड भिंत असली तरी दिसतो. विकत घेतलेल्या रंगसंगतीचा लपण्याला जो फायदा मिळतो, तो रंग लावला आहे की नाही यावर ठरतो, रंग कोणता यावर नाही. त्यामुळे लग्नाच्या गाडीसारखा सजवलेला रणगाडाही पालापाचोळ्याच्या रंगातल्या रणगाड्याइतकाच 'लपतो'.

गोळा आणि चिलखत यांच्या हिशेबातही नशीब कालवलेले असते. याच खेळात गोळ्याची भेदनक्षमता २०० मिलिमीटर लिहिली असेल, तर प्रत्येक फैरीला ती १५० ते २५० च्या दरम्यान कुठेही पडते, म्हणजे २५ टक्के कमी किंवा जास्त. पोलादाचा दर्जा, दारूचे तापमान, तोफेच्या नळीची झीज यांमुळे खरा गोळाही प्रत्येक वेळी सारखा लागत नाही, हे मान्य. पण इतका मोठा चढउतार खेळ रंगावा म्हणून ठेवलेला असतो. 'मी बरोबर मारले, तरी फुटला कसा नाही?' या तक्रारीचे उत्तर अनेकदा इतकेच असते.

सर्वांत मोठी फसवणूक डोळ्यांच्या जागेची. या खेळांत कॅमेरा रणगाड्याच्या मागे, काही मीटर वर तरंगत असतो. आपला रणगाडा भिंतीआड सुरक्षित, आणि आपण भिंतीवरून पलीकडचा रस्ता न्याहाळतो. खऱ्या रणगाड्यात झाकणे बंद झाली, की जग पेरिस्कोपच्या अरुंद काचांपुरते उरते. ड्रायव्हरला नाकासमोरची जमीन दिसत नाही, गनरला दुर्बिणीतला छोटासा गोल दिसतो, आणि चारही बाजू पाहायच्या तर कमांडरला डोके बाहेर काढावे लागते. लढाईत कमांडर का दगावतात, त्याचे हे एक मोठे कारण. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाणाऱ्यांनी तोफेबरोबर फोटो काढून झाला की ड्रायव्हरच्या झाकणासमोरच्या त्या काचांचे मापही जरूर पाहावे. 'वॉर थंडर'च्या सिम्युलेटर प्रकारात हा मागचा कॅमेरा काढून घेतला जातो. तो प्रकार कमी लोक खेळतात, हे सांगायला नकोच.

कॅमेऱ्याला दुसरीही एक अडचण आहे, आणि ती कंपनीच्या लबाडीतून आलेली नाही. साधारण २.७ मीटर रुंदीचा शर्मन रणगाडा ५०० मीटरवर उभा आहे असे धरा. ८० अंशांचे दृश्य दाखवणाऱ्या १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर तो जेमतेम सहा ठिपक्यांत मावतो. एक किलोमीटरवर तीन. निरोगी डोळ्याला ५०० मीटरवरचा तोच रणगाडा कितीतरी स्पष्ट दिसतो. ही उणीव भरून काढायला खेळ मग झूम देतात, शत्रूच्या डोक्यावर खूण देतात, आकृतीभोवती रेघ काढतात. मदत म्हणून हे ठीक. पण त्यामुळे 'शत्रू शोधणे' हे रणगाडा दलाचे सर्वांत कष्टाचे काम खेळातून जवळजवळ नाहीसे होते. भरीस भर म्हणजे काही खेळाडू मुद्दाम ग्राफिक्स खालच्या पातळीवर आणतात. दूरचे गवत आणि बारीक झाडी तिथे काढलीच जात नाही. महागडे ग्राफिक्स कार्ड घेतलेला खेळाडू हिरव्यागार गवतात स्वतःला लपलेला समजत असतो, आणि समोरच्याच्या पडद्यावर तो बोडक्या मातीवर उघडा उभा असतो.

अंतर मोजण्याचेही तसेच. 'वर्ल्ड ऑफ टँक्स'मध्ये निशाण जिथे टेकवाल तिथले अंतर तोफ आपोआप धरते. प्रत्यक्षात लेझर येण्यापूर्वी गनर दुर्बिणीतल्या खुणांवरून हिशेब करी. वस्तूची रुंदी मीटरमध्ये घ्यायची, तिला हजाराने गुणायचे आणि ती जितके मिल (कोन मोजण्याचे छोटे एकक) व्यापते त्या आकड्याने भागायचे. तीन मीटर रुंदीचा रणगाडा तीन मिल व्यापत असेल तर अंतर १००० मीटर. आता चूक कुठे होते पाहा. तोच रणगाडा आडवा उभा असेल, तर त्याची सहा मीटर लांबी सहा मिल व्यापते. धुळीत ती रुंदी समजून हिशेब केला तर अंतर ५०० मीटर निघते आणि गोळा लक्ष्याच्या अलीकडेच जमिनीत घुसतो. 'वॉर थंडर'च्या वास्तववादी प्रकारात अंतर घ्यायला काही सेकंद लागतात आणि त्यात चूकही राहते, एवढे बरे.

सप्टेंबर १९६५ ची असल उत्तरची लढाई इथे हटकून आठवते. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांत अंतर मोजायला स्टिरिओस्कोपिक यंत्र होते. कागदावर ते उत्तम, पण दोन्ही डोळ्यांनी प्रतिमा नीट जुळवायला हात बसलेला माणूस लागे. भारताच्या सेंच्युरियन रणगाड्यांवर अंतर मुख्यतः नजरेने ठरवले जाई. ८ ते १० सप्टेंबरदरम्यान खेमकरणच्या परिसरातली शेते पाण्याने भरली होती, उसाआड भारतीय रणगाडे आणि जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा दबा धरून होत्या, आणि पॅटन चिखलात रुतले. खेळात पॅटन आणि सेंच्युरियन एकमेकांसमोर उभे केले, तर चिलखत आणि तोफ यांची तुलना होते. रुतणे होत नाही. मऊ जमिनीवर वेग कमी होतो, इतकेच. चाकांवरून फिरणारा पट्टा तुटला तर काही सेकंदांत आपोआप जोडला जातो. खरा पट्टा टनाच्या हिशेबात वजनाचा असतो; तो जोडायला पहार, घण, जॅक आणि अख्खी क्रू लागते, तीही गोळ्यांच्या माऱ्याबाहेर.

गोळा लागल्यावर काय दिसते, तेही सांगतो. 'वॉर थंडर' लगेच आतले चित्र उघडून दाखवतो: कोणता तुकडा कुठे गेला, लोडर (तोफेत गोळा भरणारा) पडला, दारूगोळा पेटला. शिकायला हे चित्र सुरेख आहे. पण खऱ्या गनरला यातले काही कळत नाही. तोफ सुटताच समोर धूर आणि धुरळा उठतो, कोरड्या जमिनीवर तर आपला गोळा कुठे पडला हेही बाजूच्या रणगाड्याला विचारावे लागते. म्हणून दुसऱ्या महायुद्धात समोरचा रणगाडा पेट घेईपर्यंत मारत राहण्याची पद्धत होती. खेळात तो 'मेला' अशी पाटी येते आणि नळी दुसरीकडे वळते.

आता मुंबई-पुण्याच्या खेळाडूंची नेहमीची कुरकुर: 'गोळा आरपार गेला, लागलाच नाही.' इथे दोष बहुधा चित्राच्या शिळेपणाचा असतो. कोणता गोळा कुठे लागला, हे दूरच्या सर्व्हरवर ठरते. ताशी ५० किलोमीटरने जाणारा रणगाडा सेकंदाला सुमारे १४ मीटर कापतो. निरोप जायला-यायला १५० मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात तो दोन मीटरहून जास्त सरकलेला असतो. तुम्ही नेम धरता तो त्याच्या भूतकाळावर. जवळचा सर्व्हर निवडणे, वायफायऐवजी वायर लावणे आणि आडव्या पळणाऱ्या लक्ष्याच्या थोडे पुढे मारणे, एवढेच हातात आहे. जास्त फ्रेम देणारा पडदा घेऊन हा फरक जात नाही.

बातम्यांशी संबंध येतो तो यानंतर. लढाईच्या खोट्या दृश्यांत सर्वाधिक वेळा 'आर्मा ३' हा चेक कंपनी बोहेमिया इंटरअॅक्टिव्हचा २०१३ चा खेळ सापडतो. त्यात खेळाडूंना कोणत्याही देशाची वाहने, गणवेश, भूभाग स्वतः तयार करून घालता येतात. त्यामुळे आजच्या कुठल्याही संघर्षाचे नेपथ्य काही तासांत उभे राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच निवेदन काढून अशी दृश्ये कशी ओळखावीत ते सांगितले होते: चित्र मुद्दाम अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुधा रात्रीची वेळ, आवाज गायब, माणसांची हालचाल जवळपास नाही.

वृत्तकक्षात पाच मिनिटांत करण्याजोग्या आणखी काही गोष्टी आहेत. आवाज असेल तर तो घड्याळ लावून तपासावा. एक किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज सुमारे तीन सेकंदांनी यायला हवा. लखलखाट आणि धडाका एकाच क्षणी येत असतील, तर एक तर कॅमेरा स्फोटाच्या अगदी जवळ होता किंवा आवाज नंतर चिकटवला आहे. धुराचे लोट थांबवून शेजारीशेजारी पाहावेत, खेळात तोच आकार पुन्हा पुन्हा उगवतो. उडालेले तुकडे जमिनीवर पडून राहतात की हवेतच विरून जातात, तेही पाहावे. चित्राच्या कडा विचित्र कापलेल्या असतील, तर तिथे खेळाचा नकाशा किंवा उरलेल्या गोळ्यांचा आकडा असण्याची दाट शक्यता. रणगाडा ओळखता येत असेल तर चाके मोजावीत: टी-७२ आणि टी-९० ला एका बाजूला सहा, अर्जुनला सात. 'आपल्या अर्जुनची कामगिरी' असे शीर्षक आणि खाली सहा चाके, हा पुरावा पुरेसा आहे. शेवटी दोन-तीन स्थिर चित्रे काढून इंटरनेटवर उलट शोध (चित्रावरून त्याचे मूळ शोधणे) घ्यावा. हे केल्याशिवाय 'समाजमाध्यमांवर फिरत असलेल्या दृश्यानुसार' असे लिहून हात झटकणे वाचकांवर अन्याय करणारे आहे.

जाहिरातींचा प्रश्न थोडक्यात. या खेळांच्या अनेक जाहिरातींतले दृश्य वेगळे तयार केलेले असते; खेळताना ना तो कोन मिळतो, ना तो स्फोट. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेने २०२० मध्ये प्लेरिक्स या कंपनीच्या मोबाइल खेळांच्या दोन जाहिराती, त्यांत दाखवलेले प्रत्यक्ष खेळाशी जुळत नाही म्हणून, थांबवल्या होत्या. आपल्याकडे १९८५ पासून मुंबईत जाहिरात मानक परिषद, म्हणजे 'एएससीआय', आहे आणि तिच्याकडे सामान्य ग्राहकालाही तक्रार करता येते. रणगाड्यांच्या खेळांच्या जाहिरातींवर 'हे दृश्य प्रत्यक्ष खेळातील नाही' ही ओळ मराठीत, वाचता येईल एवढ्या आकारात आणि दृश्य चालू असेपर्यंत दिसावी, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी. आणि आपल्या पुरवणीत या खेळांवर लेख येतील तेव्हा सोबतच्या चित्राखाली खेळाचे नाव छापावे, म्हणजे तेच चित्र कापून उद्या कुणी 'सीमेवरून थेट' म्हणून फिरवू लागले, तर वाचकाला ते ओळखता येईल.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर