रक्तातल्या आकड्यावर सलाईन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पत्नीला चार वर्षांपासून अल्झायमर आहे. हल्ली ती चहात मीठ घालते, पण देवघरातली तांब्याची भांडी चिंच लावून घासायला बसली की हात बरोबर चालतात. गेल्या महिन्यात नातेवाइकांच्या आग्रहाखातर आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथे रक्तातली एन्झाइम्स तपासली, वाढलेल्या आकड्यांभोवती लाल गोल काढले आणि सांगितलं, "मेंदूत धातू साठलाय. धातू काढायची वीस सलाईन घ्या, तांब्यातलं पाणी बंद करा." सुनेने घाबरून भांडी माळ्यावर टाकली. ही दुपारभर पदराला हात पुसत तांब्या शोधत होती.

मी वडोदऱ्यातच लॅब टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं काढली. एसजीओटी हे एन्झाइम यकृतात असतं तसंच हृदयात आणि स्नायूंतही असतं. रक्ताच्या नमुन्याची नळी जोरात हलली, तांबड्या पेशी फुटल्या, की एलडीएच हे दुसरं एन्झाइम चढतं. असा नमुना आम्ही परत मागवत असू. या आकड्यांवरून मेंदूतलं तांबं-लोह कळत नाही. अल्झायमरसाठी आता रक्ततपासणी निघाली आहे, पण ती पी-टाऊ २१७ या प्रथिनाची, आणि तिचा अर्थ न्यूरॉलॉजिस्टने रुग्ण तपासून लावायचा.

धातूंची शंका मुळात चुकीची नाही. या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींत तांबं, जस्त, लोह सापडतं. म्हणूनच थॅलेसेमियाच्या मुलांना लोह काढायला देतात ते डेफेरिप्रोन हे औषध अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ८१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर वापरून पाहिलं. निष्कर्ष २०२४ साली आले: औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतलं लोह कमी झालं, पण बुद्धीची घसरण औषध न घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. हे मला दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. सलाईनमधून देतात ते धातू काढायचं औषध, ईडीटीए, तर मेंदूत फारसं पोचतच नाही, आणि त्याचा एक प्रकार रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली आणतो की अमेरिकेत त्याने माणसं दगावली आहेत.

आम्ही सलाईन घेतलं नाही. भांडी मी खाली काढून दिली. आपल्या आरोग्य पुरवणीत न्यूरॉलॉजिस्टकडून या विषयावर लिहून घ्यावं आणि अशा उपचारांच्या जाहिराती घेण्याआधी एखाद्या तज्ज्ञाला दाखवाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
दांडिया बाजार, वडोदरा