माड वाचवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. दाभोळच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मात्र हे पत्र कोणासाठी आहे ते लोक ओळखतील.

आधीच्या ठेकेदाराने खाडीपलीकडे बिनतारी नेट जोडणारा आमच्या सड्यावरचा (कातळपठारावरचा) डिश अँटेना पलीकडच्या खांबाकडे साधारण रोखला, सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे 78 डीबीएम आला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), थोडं इकडे-तिकडे फिरवल्यावर तो पडला, म्हणून हेच शिखर समजून नट आवळले. नेट रडायला लागल्यावर म्हणाला, "समोरचे माड तोडा." फळते माड! कोकणात हे असं सहज बोलायला जीभ तरी कशी वळते?

तुम्ही आधी वही काढलीत. अंतर 4 किलोमीटर, लहरींची वारंवारता 5.8 गिगाहर्ट्झ, म्हणजे वाटेतली सिग्नलची घट सुमारे 120 डीबी (डेसिबल). दोन्ही टोकांना सिग्नलला 25 डीबीआयची भर देणारे डिश, रेडिओची पॉवर 11 डीबीएम. बेरीज-वजाबाकी करून उणे 59 च्या आसपास यायला हवं, असं तुम्ही नट सैल करण्याआधीच सांगितलंत. मग 19-20 डीबी कुठे गेले? इतका फरक दिसला की पहिला संशय बाजूच्या झोतावर घ्यायचा. डिशच्या मुख्य झोताशेजारी असे लहान झोत असतात आणि त्यांनाही स्वतःचं शिखर असतं. तिथे कितीही बारकाईने फिरवा, आकडा दोन्हीकडे पडणारच. फिरवणं थोडक्यात आटपलं, तर खरं शिखर कधी हातीच लागत नाही.

माडांचा हिशेबही तुम्हीच मांडलात. लहरींना वाटेच्या मधोमध सुमारे 7 मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्यातला निदान 60 टक्के मोकळा हवा. पण माड आहेत तिथे, अँटेनापासून 50 मीटरवर, हाच पट्टा जेमतेम दीड मीटरचा असतो. आमच्या माडांचे शेंडे त्याच्या बऱ्याच खाली. कोयता म्यानात गेला.

शिखर माथ्यावर सपाट असतं, डोळ्यांना नेमकं कळत नाही. म्हणून खांबाला चिकटपट्टी गुंडाळून, आकडा 3 डीबीने पडतो त्या दोन्ही बाजूंना तुम्ही पेन्सिलीने खुणा केल्यात आणि त्यांच्या बरोबर मध्यावर डिश आणलात. आधी आडवं, मग उभं. एक टोक हलताना दुसऱ्याला हात नाही. दर सरकवणीनंतर आकडा ठरेपर्यंत थांबायचं, कारण रेडिओ सरासरी दाखवतो, मागे राहतो. नट समोरासमोरचे, पाव-पाव फेरीने. एकच नट पुरता आवळला की डिश वळतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

आकडा उणे 58 आला. कोणीही इथे हत्यारं पिशवीत भरली असती. तुम्ही विचारलंत, "आत्ता भरती आहे ना?" आणि हातातली फेरीबोट सोडून ओहोटीपर्यंत बसलात. दादा, आम्हाला भावलं ते हे बसणं. खाडीच्या पाण्यावरून परतलेली लहर थेट लहरीत मिसळते. पाण्याची पातळी बदलली की तिची वाट बदलते, मग ती कधी भर घालते, कधी थेट लहरीला मारते. ओहोटीला उणे 67 आला. रोज हे होणारच, ते अँटेना फिरवून जात नाही. आमच्या जोडणीचा वेग उणे 75 च्या खाली ढासळतो, म्हणजे मोजलेल्या सर्वात वाईट वेळीही 8 डीबी शिल्लक. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवलेत, म्हणजे ओहोटीला आकडा पडला म्हणून उगाच कोणी पाना घेऊन खांबावर चढू नये.

हुशार माणसं खूप भेटतात, हुशारी आपल्यामागे ठेवून जाणारी थोडी. तुम्ही पैसेही ठरले तेवढेच घेतलेत, हे जाता जाता सांगतो.

खाऱ्या हवेचं सांगितलेलं लक्षात आहे. साधे लोखंडी नट काढून सहसा न गंजणाऱ्या 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवले, जोडांवर रबरी चिकटपट्टी ओढून गुंडाळली, आणि वायरीला पेटीत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. पावसाळ्याआधी भरती-ओहोटीचे दोन्ही आकडे पुन्हा घेऊन तुम्हाला कळवू. पलीकडच्या खांबाचे ताण (आधाराच्या तारा) मात्र तुमच्या नजरेखालून गेलेले बरे. त्या निमित्ताने जेवायलाच या.

आपले,
सड्यावरची मंडळी