तुमचीच पेमेंट सेवा घेण्याची सक्ती आणि माझे अडकवलेले पैसे

प्रति,
व्यवस्थापक, विक्रेता विभाग

संदर्भ: ग्राहक सेवेशी आज सकाळी झालेलं बोलणं. त्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, तसं तुम्हीच आधी ऐकवता.

‘आणखी काही मदत करू शकतो का सर’ असं विचारून तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे पत्र. तुमच्या ऑनलाइन बाजारपेठेतल्या विक्रीचे पैसे आधी तुमच्याकडे घेऊन, शुल्क कापून मग आम्हा विक्रेत्यांना देणारी ही तुमची पेमेंट सेवा, याहून जास्त तिच्याबद्दल मी लिहीत बसत नाही. ती तुम्ही काढली, तिचे दर तुम्ही ठरवले आणि ती आमच्या गळ्यात तुम्हीच बांधली. तिच्यामुळे माझं काय झालं तेवढं वाचा.

सांगलीत माझं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बॉबिन, बॉबिन केस, शटल, सुया, पायमशीनचे चामडी पट्टे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. तुमच्याकडे दुकान उघडलं तेव्हा पैसे कसे घ्यायचे हे विक्रेता ठरवत होता. गिऱ्हाईक यूपीआयने थेट दुकानाच्या खात्यात पैसे टाकायचं, नाहीतर पार्सल हातात पडल्यावर रोख द्यायचं. तुमच्या कमिशनचं बिल महिनाअखेरीला यायचं आणि मी ते एकदाही थकवलेलं नाही. या व्यवस्थेत कुणाचं काय बिघडलं होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग एक दिवस ऑर्डरचं पान उघडलं तर त्यावर एक चौकट. आजपासून सर्व पैसे तुमच्या सेवेतूनच येणार, यूपीआयचा थेट मार्ग बंद, रोखही बंद. खाली एकच बटण, ‘मान्य आहे’. ‘मान्य नाही’ असं बटण कुठेच नव्हतं. चौकटीच्या मागे त्या दिवसाच्या ऑर्डर अडकलेल्या. बटण दाबलं नाही तर ऑर्डर दिसत नाहीत, ऑर्डर दिसल्या नाहीत तर माल वेळेत निघत नाही, आणि माल उशिरा निघाला की दंड तुम्हीच लावता. तुमच्या कागदावर आता असं आहे म्हणे की या विक्रेत्याने स्वखुशीने संमती दिली.

आता दर. प्रत्येक व्यवहाराला अडीच टक्के, वर सहा रुपये ठोक, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. बॉबिन केस मी ६० रुपयांना विकतो. त्याचे अडीच टक्के म्हणजे दीड रुपया, त्यात सहा मिळवले की साडेसात, जीएसटी धरून ८ रुपये ८५ पैसे. म्हणजे ६० रुपयांतले पावणेपंधरा टक्के गेले, आणि तुमचं नेहमीचं कमिशन अजून कापायचंच आहे. हाच हिशोब सहा हजारांची वस्तू विकणाऱ्याचा केला तर त्याला तीन टक्क्यांच्या आसपास पडतो. ज्याचा माल महाग त्याला सेवा स्वस्त, आणि ज्याचं गिऱ्हाईक एक सुई-बॉबिन मागवतं त्याच्या खिशात हात. एवढी साधी त्रैराशिकं दर ठरवणाऱ्यांनी मांडली नसतील असं मी मानत नाही.

त्यातून यूपीआयचं बघा. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून बँकेने एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घ्यायचा नाही असा नियम आहे. माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी क्यूआर चिकटवलेला आहे, त्यावर आलेल्या ६० रुपयांतले ६० खात्यात पडतात. गिऱ्हाईक तेच, फोन तोच, यूपीआय तेच. फक्त वाटेत तुम्ही उभे राहिलात म्हणून ८ रुपये ८५ पैसे. बिलावर त्याला ‘प्लॅटफॉर्म सुविधा शुल्क’ असं नाव आहे. सुविधा कुणाची, ते बिलावर नाही.

आणि हे कापून उरलेले पैसे तरी हातात येतात का? माल पोचल्यावर सात दिवस ते तुमच्याकडे. माझा माल येतो लुधियानाहून. तिथला घाऊक व्यापारी आधी पैसे घेतो, मग बिल्टी (माल ट्रान्सपोर्टला दिल्याची पावती) पाठवतो. त्याला मी सांगू का, की सात दिवस थांब, माझे पैसे ‘प्रक्रियेत’ आहेत? तो हसेल आणि माल दुसऱ्याला देईल. आधी रोजच्या विक्रीतून रोजची खरेदी व्हायची. आता खरेदीसाठी पतसंस्थेचं कर्ज आणि त्याचं व्याज मी भरणार.

गिऱ्हाइकांचंही ऐका, कारण ती तुमचीही आहेत असं तुम्ही जाहिरातीत म्हणता. माझ्याकडून माल घेणारे बहुतेक गावाकडचे शिंपी आणि घरी ब्लाउज, फॉल-पिको करणाऱ्या बायका. जतच्या एक ताई कायम रोखीने घ्यायच्या. आता त्यांना तुमच्या सेवेवर खातं उघडा, पॅन टाका, सेल्फी काढा असं येतं. ८० रुपयांच्या पट्ट्यासाठी! त्यांनी दुकानात फोन केला, “दादा, तुम्ही आता आमच्याकडून पैसे घेत नाही का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पट्टा मी एसटीने पाठवला, पैसे त्यांनी क्यूआरवर टाकले. तुमच्या नियमात हा ‘प्लॅटफॉर्मबाहेरचा व्यवहार’ होतो आणि त्यासाठी खातं बंद होऊ शकतं. मग करा बंद.

आता मुख्य गोष्ट. इथवरचं एक वेळ सोसलं असतं. माझं खातं तुमच्या सेवेत ‘सक्रिय’च होत नाही, कारण फॉर्ममध्ये जीएसटी नंबर सक्तीचा आहे. माझ्याकडे जीएसटी नंबर नाही आणि कायद्याने तो लागतही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतला छोटा विक्रेता राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकू शकतो, जीएसटी नोंदणी न करता, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन. तसा नंबर मी घेतला आहे. तो तुमच्याकडे नोंदवल्यावरच तुम्ही मला दुकान उघडू दिलंत. म्हणजे तुमचा एक विभाग मला त्या नंबरावर माल विकू देतो आणि तुमचाच दुसरा विभाग त्याच नंबरावर पैसे देत नाही. विक्री चालू, पैसे बंद. जमा झालेली सगळी रक्कम ‘होल्ड’वर. नोंदणी नाही म्हणून तुमच्या शुल्कावरच्या त्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही (करातली वजावट) मला मिळत नाही, हे जाता जाता.

फॉर्ममधल्या जीएसटी नंबराच्या या एका चौकटीसाठी आज परत फोन केला. मराठीसाठी तीन दाबलं. पलीकडून हिंदी. मराठी बोलणारा मागितला, तर बऱ्याच वेळाने एक मुलगा आला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला जे वाचायला दिलंय ते तो वाचत होता. पण पुढचं नीट वाचा.

तो म्हणाला, “सर, जीएसटी नंबर टाकल्याशिवाय पेआउट ॲक्टिव्ह होणार नाही.”

मी म्हटलं, “मला जीएसटी लागत नाही. एनरोलमेंट नंबर आहे. तुमच्याकडे नोंदवलेला आहे.”

“हो सर, मला दिसतोय.”

“दिसतोय ना? मग तोच घ्या.”

“सर, सिस्टीम जीएसटी नंबर मागते आहे.”

“सिस्टीम कुणाची आहे?”

यावर तो गप्प. मग, “सर, एक मिनिट होल्ड करता का?” होल्डवर तुमची जाहिरात लागते, ‘छोट्या दुकानदाराचा मोठा सोबती’. ती मी पूर्ण ऐकली. मग ती पुन्हा पहिल्यापासून लागली, तीही ऐकली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हाताने थांब म्हटलं. मुलगा परत आला तेव्हा आवाजात एकदम खात्री. कुणाला तरी विचारून आला असणार. म्हणाला,

“सर, जीएसटी नाही म्हणजे हा तुमचा बिझनेस नाही ना. हॉबीसारखं आहे. हॉबी सेलरसाठी वेगळा फॉर्म असतो.”

मी गिळलं आणि म्हटलं, “बरं, द्या तो फॉर्म.”

“सर, तो सध्या उपलब्ध नाहीये.”

हॉबी! सकाळी नऊला शटर वर जातं, रात्री साडेआठला खाली येतं. वडिलांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हाही दुकान बंद राहिलं नाही. गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, मुलांच्या फिया, सगळं याच ‘हॉबी’तून जातं. पुढच्या महिन्यात घरमालकाला सांगून बघतो, की काका, छंद आहे हो, भाड्याचं काय एवढं. आणि तुमच्या कमिशनचं बिल मात्र छंदाचं नसतं, ते दर महिन्याला वेळेवर धंद्याचं असतं. संयम ठेवून लिहायचं ठरवलं होतं. जेवढा राहिला तेवढा ठेवला आहे.

शेवटी मी सरळ विचारलं, “मला ही सेवाच नको असेल तर?”

“सर, काहीच सक्ती नाहीये. तुम्ही लिस्टिंग काढून टाकू शकता.”

त्यानंतर ते आणखी काही मदत करू शकतो का.

गाळा भाड्याने देणाऱ्याने भाडं घ्यावं, हवं तर वाढवून घ्यावं. पण गिऱ्हाइकाचे पैसे आधी माझ्या गल्ल्यात पडतील, त्यातला वाटा कापून तुला सात दिवसांनी देईन, असं तो म्हणाला तर बाजारपेठेत कुणी ऐकून घेईल का?

हे सगळं ‘विक्रेते आणि ग्राहक यांच्या सुरक्षिततेसाठी’ असल्याचं तुमच्या ईमेलमध्ये आहे. हे कारण नवं नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियात ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने ठरवलं की विक्रेत्यांनी पेपॅल या पेमेंट सेवेनेच पैसे घ्यायचे, माल न्यायला कुणी स्वतः आलं तर तेवढी रोख चालेल. पेपॅल तेव्हा ईबेचीच होती, २००२ मध्ये विकत घेतलेली. तेव्हाही सुरक्षिततेचंच कारण पुढे केलं होतं. तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने मसुदा निर्णयात याने स्पर्धेला धक्का बसेल असं मत दिलं आणि ईबेला ती योजना मागे घ्यावी लागली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. त्यात मोठा मुद्दा हाच होता, की प्ले स्टोअरवर ॲप विकणाऱ्यांना गूगलचीच बिलिंग पद्धत वापरायला लावली जाते. पुढे अपिलात रक्कम बरीच खाली आली, हे तुमचे वकील तुम्हाला सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकतो. तुम्ही ईबे किंवा गूगलएवढे मोठे नाही, हेही सांगतील. ते आयोगाला ठरवू द्या. स्पर्धा कायदा २००२ खाली माझ्यासारखा माणूसही आयोगाकडे माहिती दाखल करू शकतो. सांगली-मिरजेतले तुमच्यावर माल विकणारे आणखी काही जण आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.

रिझर्व्ह बँकेचंही बघा. मार्च २०२० पासूनच्या तिच्या नियमांत पेमेंट अ‍ॅग्रिगेटरने (व्यापाऱ्यांच्या वतीने गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने) व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात, ठेवायचे असं आहे, आणि बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने हा व्यवसाय वेगळा काढायचा असंही आहे. तुमची सेवा वेगळी कंपनी आहे का, तिला परवानगी आहे का, माझे पैसे कोणत्या बँकेतल्या कोणत्या खात्यात पडून आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरं मला लेखी पाहिजेत. आजवर ज्याला ज्याला विचारलं त्याने ‘बॅक-एंड टीम’ असं उत्तर दिलं. मला टीम नको, खात्याचा तपशील द्या.

काय हवं ते एकदाच लिहितो. होल्डवरची पूर्ण रक्कम दुकानाच्या बँक खात्यात, तुमचं शुल्क न कापता, कारण सक्रिय न झालेल्या सेवेचं शुल्क कसलं? जीएसटी नंबराच्या चौकटीत एनरोलमेंट नंबर चालला पाहिजे. त्याला तुमच्या इंजिनिअरला एक दुपार लागेल. यूपीआय आणि रोख हे दोन्ही मार्ग आधीसारखे विक्रेत्याच्या मर्जीवर. तुमची सेवा ठेवा ना, ज्याला पाहिजे तो घेईल. चांगली असेल तर मीही घेईन. आणि ज्याने कुणी त्या मुलाला ‘हॉबी’ म्हणायला शिकवलं, त्याच्या सहीचं पत्र, मराठीत. ‘प्रिय विक्रेता’ असं सुरू होणारं मशीनचं उत्तर आलं तर ते मी आयोगाकडच्या अर्जाला जोडणार आहे.

वाईट याचं वाटतं की तुमचं नाव या भागातल्या अर्ध्या दुकानदारांना मी सांगितलं होतं. कोल्हापूरच्या मेळाव्यात तुमच्या लोकांनी मला स्टेजवर उभं करून फोटो काढला, ‘यशस्वी स्थानिक व्यावसायिक’ म्हणून. तेव्हाही माझ्याकडे जीएसटी नंबर नव्हता. तो फोटो अजून तुमच्या साइटवर आहे. एकतर तो काढून टाका, नाहीतर खाली ‘छंद म्हणून’ असं लिहा.

पंधरा दिवस थांबतो. तोवर प्रत्येक पार्सलमध्ये दुकानाच्या क्यूआरचं आणि फोन नंबरचं कार्ड जाईल. तुमच्या धोरणात ते बसत नाही, मी वाचलं आहे. त्यासाठी खातं गोठवायचं असेल तर त्यातले पैसे आधी सोडा.

विक्रेता,
शिलाई मशीन सुटे भाग, सांगली
(विक्रेता क्रमांक आणि एनरोलमेंट नंबर तुमच्याकडे आहे. दिसतोय तुम्हाला.)