ऊर्जा संपत नाही, मग बिल काहून?

नागपूर, 6 मार्च

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

संत्री पोचली. मृगाचा माल यंदा बारीक आहे, पण गोड आहे. त्यातलं एक खाण्याआधी वर्गात नेलं, म्हणून हे पत्र. फोनवर आकडे सांगितले की बाबा "लिहून पाठव" म्हणतात.

चौथीला ऊर्जा शिकवत होते. संत्रं मीटरभर उचललं. 100 ग्रॅमचं फळ एवढं वर न्यायला जी ऊर्जा लागते, ती साधारण 1 ज्यूल. मग सोडलं. थप्प! उंचीची ऊर्जा वेगात गेली, वेगाची आवाजात आणि उष्णतेत. ती उष्णता काही दिसेना, म्हणून तळहात चोळायला लावले. ज्यांच्या नावावरून हे माप आलं, त्या शास्त्रज्ञ ज्यूलसाहेबांनी 1840 च्या दशकात हेच केलं होतं, फक्त नीट मोजून: वजनं खाली सोडली, त्यांनी पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापलं ते बघितलं. पोरं गरम हात गालाला लावत असताना मी ऐटीत सांगून टाकलं की ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, संपतच नाही, तर बिल काहून येते?"

मी म्हटलं, उद्या सांगते. एवढी वर्षं शिकवते, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आणि बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात, बॉयलरवर झालेली!

रात्रपाळीहून आलात की तुमच्या कॉलरला कोळशाची रेघ असायची आणि आई ती घासून वैतागायची. दुसऱ्या दिवशी मी त्या रेघेपासूनच सुरुवात केली. कोळसा म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुनी झाडं आणि त्या झाडांनी साठवलेलं ऊन. ते जाळलं की पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनित्र, आणि तिथून तारेने वीज आमच्या पंख्यापर्यंत. त्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा विजेत येतो, बाकी धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून वर जातो, हे ऐकून पोरांना फारच अन्याय वाटला.

पण आलेली वीज तरी कुठे जाते? पंखा हवा ढवळतो. ती हवा भिंतीवर आपटत, आपसात घासत शांत होते आणि सगळं कोमट उष्णता होऊन खोलीभर पसरतं. मोजलं तर तेवढंच भरेल, पण त्या कोमटपणावर पुन्हा पंखा फिरवता येत नाही. फरशीवर सांडलेला चहाही तेवढाच असतो, प्यायचा कसा? बिल येतं ते कपातल्या चहाचं. हे त्यांना पटलं. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे 36 लाख संत्री मीटरभर उचलायची, असं सांगितल्यावर तोच पोरगा म्हणतो, "मंग तर स्वस्तच आहे."

आई, आता तुझ्याशी भांडण. आम्ही यायच्या आधी तू बंद खोलीत पंखा लावून ठेवतेस ना, खोली गार व्हावी म्हणून? त्याने खोली उलट कणभर तापते. गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून, आणि घामाला आधी माणूस लागतं. कूलरचं वेगळं. लिटरभर पाणी वाळताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. फक्त खिडकी उघडी ठेव, नाहीतर दमट होऊन सगळंच थांबतं. वाळ्याच्या ताट्या आणून ठेवा, पण बाबा, स्टुलावर चढू नका. पाडव्याला येतेच आहे, मी बसवीन.

आणि हो, पोरांना खराखुरा कोळसा बघायचा आहे. गॅस आल्यापासून यांच्यातल्या कितीजणांनी तो हातातही धरलेला नाही. बाबा, तुमच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला तो तुकडा दोन दिवसांसाठी द्याल का? काळा डाग न पाडता परत आणीन, आईला सांगा.

तुमची,
बेबी